संग्रहालयासाठी निधी: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळी लहान आणि मध्यम संग्रहालयांच्या निधीविषयी आलेली पत्रं निवडली आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत सार्वजनिक न्यासांना धरून दिली आहेत. प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा कायदा असून त्यात कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक बदलले आहेत. इथे '१२ए' (न्यासाच्या उत्पन्नाला करमाफी), '८०जी' (देणगीदाराला करसवलत), '१०बीडी' (देणग्यांचं वार्षिक विवरण) ही तोंडात बसलेली नावंच ठेवली आहेत. अर्जावर क्रमांक घालताना तो आपल्या सीएकडून तपासून घ्यावा.

प्रश्न: मी इतिहासात एम.ए. केलं आहे. आमच्या तालुक्यातल्या एका न्यासाच्या संग्रहालयात मला 'अनुदान आणि देणगीदार' या कामासाठी घेतलं आहे. विश्वस्त म्हणतात, लगेच चार-पाच अर्ज टाका. सुरुवात कुठून करू? (सातारा जिल्हा)

पहिला महिनाभर एकही अर्ज टाकू नका, आणि हे विश्वस्तांना आत्ताच सांगा. देणारी संस्था तुमचं गद्य वाचण्याआधी तुमची कागदपत्रं वाचते. बरेच अर्ज तिथेच थांबतात आणि का थांबले हे कुणी कळवतही नाही.

एक फाइल लावा, कागदाची आणि संगणकावरची. तिच्यात न्यासाचं नोंदणी प्रमाणपत्र, घटना किंवा न्यासपत्र, परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यासनोंदीचा, ताजा उतारा, पॅन, १२ए आणि ८०जीचे आदेश, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी (सीएसआर) घेण्यासाठीच्या सीएसआर-१ नोंदणीचा क्रमांक, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, विश्वस्तांची यादी आणि इमारतीच्या मालकीचा किंवा भाडेकराराचा पुरावा हवा. मग हे कागद एकमेकांशी ताडून पाहा. नेहमी सापडणाऱ्या चुका अशा: पॅनवर 'वस्तुसंग्रहालय', बँकेत 'वस्तू संग्रहालय' आणि न्यासपत्रात 'पुराणवस्तु संग्रहालय मंडळ'. परिशिष्टावर आठ वर्षांपूर्वी वारलेल्या विश्वस्ताचं नाव अजून तसंच. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज, म्हणजे आपण ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतो तो, द्यावा लागतो. दिला नसेल तर विलंब माफीच्या विनंतीसह आता द्या. तो मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यांत आधी.

न्यासपत्रातली उद्दिष्टंही वाचा. कित्येक न्यास शाळा चालवण्यासाठी निघाले आणि संग्रहालय पुढे जोडलं गेलं. उद्दिष्टांत कला, वारसा, पुराणवस्तूंचं जतन यांपैकी काहीच नसेल, तर वारशासाठी पैसा मागताना अडचण येते.

यानंतर संग्रहाकडे वळा. अॅक्सेशन रजिस्टर, म्हणजे आलेल्या वस्तूंची क्रमांकवार नोंदवही, उघडा आणि चार आकडे काढा: नोंदलेल्या वस्तू किती, नोंद नसलेल्या किती, प्रदर्शनात किती, साठवणखोलीत किती. पाचवा आकडा सर्वांत मोलाचा आहे. रजिस्टरमधून कोणतेही ५० क्रमांक निवडा आणि त्या वस्तू साठवणखोलीत शोधा. प्रत्येकी तीन मिनिटांत किती सापडल्या? ही तीन मिनिटांची कसोटी इक्रोम ही आंतरराष्ट्रीय जतनसंस्था आणि युनेस्को यांनी लहान संग्रहालयांच्या साठवणुकीसाठी तयार केलेल्या 'री-ऑर्ग' पद्धतीत आहे. तिथेच दुसरी कसोटी आहे: कोणतीही वस्तू काढताना दोनपेक्षा जास्त वस्तू हलवाव्या लागू नयेत. पन्नासांपैकी १९ सापडल्या, असं वाक्य अर्जात आलं की गरज पटवून द्यायला विशेषणांची मदत लागत नाही. शिवाय वर्षभरानंतर याच मोजणीनं कामाचा परिणाम दाखवता येतो.

विश्वस्त मंडळासमोर हा आकडा मांडायला संकोच वाटेल. मांडा. दडवलेला गोंधळ पहिल्या स्थळभेटीत दिसतोच.

प्रश्न: जिल्ह्यातल्या एमआयडीसीतल्या साठ कंपन्यांना सीएसआरसाठी पत्रं पाठवली. दोघांचं उत्तर आलं, दोन्ही नकार. आमचं काय चुकलं? (सांगली)

साठ पत्रं एकाच मजकुराची असणार. त्याऐवजी सहा कंपन्या निवडून प्रत्येकीवर दोन दिवस घालवले असते, तर निदान दोघींकडे बसून बोलता आलं असतं.

आधी कायदा. कंपनी अधिनियम, २०१३च्या कलम १३५नुसार लगतच्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक तरी मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला सीएसआर लागू होतो. तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचा असतो. तुमच्या साठांपैकी बऱ्याच लघुउद्योगांना हा नियम लागूच नसेल. त्याच कायद्याच्या अनुसूची सातमध्ये, म्हणजे सीएसआरखाली चालणाऱ्या कामांच्या यादीत, राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृती यांचं संरक्षण हा विषय आहे, त्यात ऐतिहासिक वास्तू आणि कलाकृतींचं जतनही येतं. म्हणजे संग्रहालयाला दार उघडं आहे, पण शाळा, आरोग्य आणि पाणी यांच्या रांगेत आपण मागे उभे आहोत हे गृहीत धरूनच निवड करायची.

माहिती कशी काढायची? राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर कंपनी, राज्य आणि क्षेत्र यांनुसार खर्च पाहता येतो. त्यात वारसा, कला आणि संस्कृती हे क्षेत्र निवडा. मग त्या कंपनीच्या संकेतस्थळावर जा. सीएसआर समितीचे सदस्य, धोरण आणि संचालक मंडळानं मंजूर केलेले प्रकल्प तिथे जाहीर करणं बंधनकारक आहे. वार्षिक अहवालातली सीएसआरची पुरवणी तीन वर्षांची काढा आणि चार गोष्टी टिपा: एकूण बंधन किती, एका प्रकल्पाला साधारण किती देतात, कोणत्या जिल्ह्यांत देतात, थेट देतात की आपल्याच फाउंडेशनमार्फत. कायदा कंपनीला तिच्या कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो. त्यामुळे मुख्यालय मुंबईत असलं तरी कारखाना तुमच्या जिल्ह्यात असेल, तर ते पत्राच्या पहिल्या ओळीत यायला हवं.

आता रक्कम. सरासरी नफा ३० कोटी असेल तर कंपनीचं वर्षाचं बंधन ६० लाख. तिनं आजवर शाळांना पाच-पाच, सात-सात लाख दिले असतील, तर तिच्याकडे ४० लाखांचं दालन मागणं म्हणजे नकार मागून घेणं. पहिल्या वर्षी सहा-आठ लाखांचं, वेळेत संपणारं काम मागा. बंधन ५० लाखांपर्यंत असेल तर वेगळी सीएसआर समिती नेमणं कंपनीला आवश्यक नसतं, निर्णय थेट संचालक मंडळ घेतं. अशा ठिकाणी कंपनी सेक्रेटरी किंवा वित्तप्रमुखांशी बोलावं. 'सीएसआर मॅनेजर' या नावानं पाठवलेलं पत्र तिथे कुणाच्याच टेबलावर जात नाही.

काय मागू नये हेही पाहा. कायम निधी, म्हणजे कॉर्पस, जानेवारी २०२१पासून सीएसआरमधून देता येत नाही. वर्धापनदिनाचा सोहळा, पुरस्कार समारंभ असे एकदिवसीय कार्यक्रम सीएसआरमध्ये धरले जात नाहीत. कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांपुरत्याच सहलीही नाहीत.

वेळेचं गणित फार महत्त्वाचं. बहुतेक कंपन्यांचे मोठे निर्णय एप्रिल ते जुलैत होतात, म्हणून पत्र जानेवारी-फेब्रुवारीत गेलेलं बरं. फेब्रुवारीत कंपनीच अचानक विचारते, "पाच लाख आहेत, घेता का?" घ्यावेत, पण एक अट समजून घ्या. तुमच्या खात्यात पैसे आले म्हणून कंपनीचा खर्च झाला असं होत नाही. तुम्ही ते वापरल्यावरच तो खर्च धरला जातो, आणि तसं कंपनीच्या वित्तप्रमुखांना प्रमाणित करावं लागतं. म्हणून ३१ मार्चच्या आत खरेदी करून संपेल असंच काम त्यात धरा: कपाटं, आम्लरहित खोकी, डेटालॉगर (तापमान आणि आर्द्रता नोंदवणारं छोटं यंत्र). काम लांबणारं असेल तर संचालक मंडळाकडून ते 'चालू प्रकल्प' म्हणून आधी मंजूर करून घ्यायला सांगा. तशा प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं मिळतात.

कंपनीच्या कामात आपलं काम कुठे बसतं हे दाखवणारं एक चांगलं उदाहरण मुंबईतच आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरत्या बसमधली 'म्युझियम ऑन व्हील्स' ही योजना सिटी या बँकेच्या साहाय्यानं उभी राहिली. बस शाळांपर्यंत जाते, किती शाळा आणि किती मुलं हे मोजता येतं, आणि संग्रहालयाला आपल्या मूळ कामापासून दूर जावं लागत नाही. एवढी मोठी योजना लहान संस्थेला झेपणार नाही. पण दहा वस्तूंच्या प्रतिकृतींची पेटी आणि शिक्षकांसाठी पुस्तिका एवढं तरी झेपेल.

शेवटी, फक्त कंपन्यांकडे पाहू नका. जुन्या पावतीपुस्तकांतली नावं, प्रवेशद्वाराजवळचा फलक, अॅक्सेशन रजिस्टरमधला 'कोणाकडून मिळाली' हा रकाना आणि अभिप्रायवही, या चार ठिकाणी तुमचे खरे देणगीदार आहेत. ज्यांच्या आजोबांनी १९५८ साली समया दिल्या त्या कुटुंबाला आज त्या समयांचा फोटो आणि नोंद पाठवा, पहिल्या पत्रात पैसे मागू नका. प्रत्येकाची एक नोंदपत्रिका करा: संग्रहालयाशी नातं, पूर्वी काय दिलं, कोणत्या विषयात रस, शेवटचा संपर्क कधी, पुढचं पाऊल काय. तिच्यात आजार, घरातले वाद, ऐकीव श्रीमंती असलं काही लिहू नये. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आहेच, पण साधी कसोटी अशी ठेवा की ती पत्रिका त्या व्यक्तीनं वाचली तरी तिला वाईट वाटू नये.

प्रश्न: आमच्याकडे सुमारे ४,००० वस्तू आहेत. दस्तऐवजीकरणासाठी एका फाउंडेशनकडे १० लाख मागितले होते. 'अंदाजपत्रक अस्पष्ट' म्हणून अर्ज परत आला. अंदाजपत्रक कसं करतात? (रत्नागिरी)

आकड्यापासून सुरुवात केली की असं होतं: दहा लाख ठरले, मग ते रकान्यांत वाटले. सुरुवात कामाच्या एका दिवसापासून करा.

दोघांची जोडी लागते. एक वस्तू उचलतो, मापं आणि अवस्था नोंदवतो, दुसरा फोटो काढतो. वस्तू मिश्र असतील तर दिवसाला सरासरी ३० होतात. नाणी जास्त होतील, पैठण्या कमी. चार हजार भागिले तीस म्हणजे साधारण १३४ दिवस. महिन्याचे कामाचे दिवस २२ धरले तर सहा महिने. त्याआधी एक महिना तयारी आणि प्रशिक्षण, नंतर दोन महिने रजिस्टरशी ताळमेळ आणि दुरुस्त्या. नऊ महिने झाले. या ताळमेळाला वेळ न ठेवणं ही या कामातली सर्वांत मोठी चूक आहे. दुहेरी क्रमांक, हरवलेल्या नोंदी, एकाच क्रमांकाखाली अकरा वाट्या हे सगळं तेव्हाच वर येतं.

आता पैसे. पुढचे दर नमुन्यादाखल आहेत, तुमच्याकडे मिळालेली दरपत्रकं त्यांच्या जागी घाला. दोन सहायक, २२,००० रुपये महिना, नऊ महिने: ३,९६,०००. कॅमेरा, तिपाई, दिवे, रंगपट्टी: १,४०,०००. संगणक आणि दोन हार्ड डिस्क, पैकी एक संग्रहालयाबाहेर ठेवायची: ९०,०००. आम्लरहित खोकी, टिश्यू, नोंदणीचं साहित्य: १,२०,०००. सहा डेटालॉगर, ८,००० प्रमाणे: ४८,०००. संवर्धनतज्ज्ञाच्या चार भेटी, प्रवासासह १२,००० प्रमाणे: ४८,०००. लेखापरीक्षण, वीज, इंटरनेट: ४२,०००. किरकोळ आणि आकस्मिक: २६,०००. बेरीज ९,१०,०००. एका वस्तूमागे सुमारे २२८ रुपये. हा शेवटचा आकडा अर्जाच्या पहिल्या पानावर घ्या, कारण वाचणारा तोच लक्षात ठेवतो.

प्रत्येक ओळीशेजारी हिशेबाचा आधार लिहा: किती नग, काय दर, किती महिने, दरपत्रक कुठलं. उपकरणांवरचा जीएसटी आणि वाहतूक दरात धरली आहे का ते पाहा. तुमची संस्था सहसा त्या कराचा परतावा घेऊ शकत नाही, आणि पावसाळी दिवसांत रत्नागिरीपर्यंत काचसामान आणण्याचा खर्चही कमी नसतो.

तांत्रिक साहित्य नावानिशी लिहा म्हणजे काम जाणणाऱ्यानं अर्ज केला आहे हे कळतं. उदाहरणार्थ, धातू, दगड, भाजलेली माती यांवर क्रमांक घालताना आधी अॅसिटोनमधल्या पॅरालॉइड बी-७२ या रेझिनचा पारदर्शक थर, तो वाळल्यावर रंगद्रव्याच्या शाईनं क्रमांक, वर पुन्हा एक थर. गरज पडल्यास तो क्रमांक नंतर काढता येतो. कापडाला सुती फितीवर क्रमांक लिहून ती फीत टाक्यांनी जोडायची. कागदावर फक्त मऊ शिसपेन्सिल. नोंदींसाठी वेगळी आज्ञावली विकत घेण्याआधी पुण्याच्या सी-डॅकनं संग्रहालयांसाठी केलेली 'जतन' पाहून घ्या. नुसत्या स्प्रेडशीटमध्ये नीट भरलेल्या नोंदीही पुढे तिच्यात नेता येतात, मात्र रकाने सुरुवातीपासून एकसारखे हवेत.

वेळापत्रकाचा कोकणाशी मेळ घाला. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांवर असते. त्या दिवसांत पोथ्या आणि कापडं बाहेर काढून पसरायची नाहीत. ते महिने धातू आणि दगडाच्या वस्तूंना, संगणकावरच्या नोंदींना द्या. अर्ज वाचणारा दिल्लीत किंवा बेंगळुरूत बसलेला असतो, त्याच्यासाठी हे कारण एका वाक्यात लिहा.

आणि एक आग्रहाची विनंती. देणगीदाराला वातानुकूलन द्यायला आवडतं, कारण ते दिसतं. पण यंत्र घेण्यासाठी पैसे मिळतात, वीजबिलासाठी सहसा मिळत नाहीत. मग ते सकाळी दहाला सुरू होतं आणि सहाला बंद. रात्री आर्द्रता पुन्हा चढते, आणि रोजच्या या चढउतारानं लाकूड, हस्तिदंत, रंगवलेल्या पृष्ठभागांना स्थिर पण जास्त आर्द्रतेपेक्षाही अधिक इजा होऊ शकते. चोवीस तास चालवण्याची ऐपत नसेल तर ते मागू नका. घट्ट बंद होणारी कपाटं, त्यांत सिलिका जेल, खिडक्यांना अतिनील किरण रोखणारी फिल्म, आणि कापड व कागदावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त प्रकाश पडणार नाही असे दिवे: हे स्वस्त आहे आणि वस्तू वाचवतं.

'प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांवर चालणार नाही' असं कंपनीनं सांगितलं तर नम्रपणे नियम दाखवा. सीएसआर नियमांतली ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनावरच्या खर्चाला आहे. प्रकल्पात प्रत्यक्ष काम करणाऱ्या तुमच्या दोन सहायकांचं मानधन हा प्रकल्पखर्चच आहे. हे मानधन दडवून 'साहित्य' या रकान्यात घुसवू नका. पुढे लेखापरीक्षणात ते सापडतं.

प्रश्न: माझी चुलतबहीण न्यू जर्सीत असते, अमेरिकन नागरिक आहे. आमच्या संग्रहालयाला तिला ५,००० डॉलर द्यायचे आहेत. आमची एफसीआरए, म्हणजे परदेशी योगदानाच्या कायद्याखालची, नोंदणी नाही. तिनं माझ्या खात्यात पाठवले आणि मी दिले तर? (पुणे)

नको. पैसा कुणाच्या खात्यातून फिरून आला यानं फरक पडत नाही, स्रोत परदेशी नागरिकाचा आहे. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी ती कायद्याच्या दृष्टीनं परदेशी स्रोतच, आणि भारतातल्या तिच्या खात्यातून रुपयांत दिले तरी ते परदेशी योगदानच. याचा परिणाम एका देणगीपुरता राहत नाही, न्यास आणि विश्वस्त दोघंही अडचणीत येतात.

पासपोर्ट भारतीय असलेल्या अनिवासी नातेवाइकांचं मात्र वेगळं. त्यांनी स्वतःच्या बचतीतून, बँकेच्या नेहमीच्या मार्गानं दिलेली रक्कम परदेशी योगदान मानली जात नाही. पावतीसोबत त्यांच्या पासपोर्टची प्रत ठेवा.

नोंदणी करायची असेल तर संस्थेला तीन वर्षं पूर्ण झालेली हवीत आणि त्या काळात मूळ उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. नोंदणी पाच वर्षांसाठी मिळते. पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच घ्यावा लागतो, तिथून तो स्थानिक वापर-खात्यात आणता येतो. २०२०च्या दुरुस्तीनंतर प्रशासनावर २० टक्क्यांहून अधिक खर्च चालत नाही आणि हा पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. एफसी-४ हे वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं, वर्षभरात एक डॉलर आला नसला तरी. तीन वर्षं झाली नसतील तर एका ठरावीक दात्याकडून ठरावीक रकमेसाठी पूर्वपरवानगीचा मार्ग आहे. त्याला दात्याचं वचनपत्र लागतं.

एकाच देणगीसाठी हा सगळा व्याप करावा असं वाटत नाही. पण अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये तुमच्या गावची दहा-वीस घरं असतील आणि ती दरवर्षी देणार असतील, किंवा ब्रिटिश लायब्ररीच्या 'एन्डेंजर्ड आर्काइव्ज प्रोग्राम'सारख्या योजनेतून दफ्तरांचं डिजिटायझेशन करायचं असेल, तर नोंदणीचा अर्ज आजच सुरू करा. बहिणीला हेही सांगा की भारतातल्या न्यासाला थेट दिलेल्या रकमेवर तिला अमेरिकेत करसवलत मिळत नाही. तिथल्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेमार्फत दिले तर मिळते, पण इथे येताना एफसीआरए लागतोच. तोवर इंग्रजी अर्जांची भाषा तपासणं, तिथल्या संग्रहालयांतल्या मराठी वस्तूंच्या सूची शोधून देणं, असं काम ती नक्की करू शकेल.

प्रश्न: एका घराण्याला पितळी दिवे, अडकित्ते आणि एक सचित्र पोथी द्यायची आहे, सोबत ३ लाख रुपये. अटी तीन: वस्तू कायम प्रदर्शनात, दालनाला आजोबांचं नाव, आणि वस्तूंच्या १२ लाखांच्या किमतीची ८०जी पावती. (कोल्हापूर जिल्हा)

तिसऱ्या अटीपासून. ८०जीची सवलत पैशांच्या देणगीला आहे, वस्तूंना नाही. वस्तूंची किंमत लिहून पावती देऊ नका. तीन लाखांची पावती द्या. मात्र रोख घेऊ नका, २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही. देणगीदारानं प्राप्तिकराची नवी पद्धत घेतली असेल तर त्याला ही वजावट मिळत नाही, हेही आधीच सांगा. देणाऱ्याचा पॅन घ्या आणि ३१ मेपर्यंत १०बीडी भरा. तो चुकला तर दिवसाला २०० रुपये शुल्क लागतं आणि देणगीदाराला प्रमाणपत्रही मिळत नाही.

तीन लाख 'कायम निधीसाठी' असतील तर तसं त्यांच्याकडून लेखी घ्या. हे पत्र नसेल तर ती रक्कम त्या वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते आणि ८५ टक्के खर्च करण्याचा नियम तिलाही लागतो.

'कायम प्रदर्शनात' ही अट स्वीकारू नका. पोथीचं एक पान वर्षानुवर्षं उजेडात राहिलं तर रंग उडतात, आणि गेलेला रंग परत येत नाही. घराण्याला हे कारण सांगितलं तर ते पटतं असा अनुभव आहे. पर्याय द्या: पोथी वर्षातून तीन महिने मांडू, पान दर वेळी बदलू, उरलेल्या काळात तिच्या छायाचित्रांची प्रत लावू. दानपत्रात वस्तूंची यादी, फोटो, मालकी बिनशर्त न्यासाकडे गेल्याचं वाक्य, आणि सर्व वारसांच्या सह्या हव्यात. एका भावानं दिलं आणि दुसऱ्यानं दहा वर्षांनी परत मागितलं, ही तक्रार संग्रहालयांना नवी नाही. पोथी ७५ वर्षांहून जुनी, इतर वस्तू १०० वर्षांहून जुन्या असतील तर त्या पुरावस्तू आणि कलासंपदा अधिनियम, १९७२खाली येतात. सचित्र पोथ्यांची नोंदणी लागते, ती झालेली आहे का हे विचारा आणि मालकीबदल नोंदणी अधिकाऱ्याला कळवा.

नावाच्या पाटीला हरकत नाही. 'अमुक यांच्या स्मरणार्थ' अशी कृतज्ञतेची पाटी लावली आणि तिच्यात व्यवसायाची जाहिरात नसेल तर जीएसटी लागत नाही, असं ११ ऑक्टोबर २०१९च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. पेढीचं नाव, बोधचिन्ह आणि फोन नंबर आला की ते प्रायोजकत्व ठरू शकतं. तीन लाखांत अख्खं दालन मात्र देऊ नका. एक शोकेस द्या, आणि नाव किती वर्षं राहील हे पत्रात लिहा.

प्रश्न: केंद्राच्या अनुदानाचा पहिला हप्ता आला, काम झालं, दुसरा हप्ता दीड वर्ष अडकला आहे. (नाशिक विभाग)

नव्वद टक्के शक्यता विनियोग प्रमाणपत्राची, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्याची, आहे. ते केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७मधल्या १२-ए या नमुन्यातच (प्राप्तिकरातला १२ए वेगळा) लागतं, सीएच्या साध्या दाखल्यावर चालत नाही. त्यातली रक्कम, लेखापरीक्षित हिशेबातली रक्कम आणि पीएफएमएस या सरकारी निधीच्या पोर्टलवरची रक्कम पैशापैशानं जुळायला हवी. हप्त्यावर बँकेत मिळालेलं व्याज दाखवलं आहे का? ते सरकारचं असतं, तुमच्या उत्पन्नात धरू नये, परत करावं लागतं. मंजूर रकान्यांबाहेर खर्च केला असेल, जसं की शोकेसचे पैसे रंगकामाला, तर आधी लेखी परवानगी घेतलेली हवी. तसं झालं असेल तर लपवू नका. तपशील आणि कारण लिहून नंतरची मंजुरी मागा. वाट पाहत राहण्यापेक्षा मंजुरीच्या आदेशातली प्रत्येक अट एका रकान्यात, आणि तिची पूर्तता कोणत्या कागदानं केली ते शेजारी, असा दोन पानी तक्ता करून विभागाला पाठवा.

इमारत दुसऱ्याची असेल, म्हणजे नगरपालिकेची किंवा राज्याची, तर पुढच्या प्रकल्पाआधी तिहेरी करार करून घ्या. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं जतनकाम महानगरपालिका, इंटॅक ही वारसा जतन करणारी संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्या अशाच करारातून झालं. मालकी कुणाची, पैसा कुणाचा, तांत्रिक जबाबदारी कुणाची हे आधी ठरलेलं असलं की हप्त्यांवरून वाद होत नाहीत. संस्कृती मंत्रालयाच्या राष्ट्रीय संस्कृती निधीमार्फतही (स्थापना १९९६) देणगीदार, निधी आणि अंमलबजावणी करणारी संस्था यांच्यात असा करार करता येतो, आणि त्या निधीला दिलेल्या देणगीवर १०० टक्के वजावट आहे.

प्रश्न: एक सल्लागार म्हणतात, अनुदान मिळवून देतो, १० टक्के द्या. द्यावेत का? (ठाणे)

देऊ नयेत. मंजूर अंदाजपत्रकात त्या १० टक्क्यांसाठी रकाना नसतो, म्हणजे ते वस्तूंच्या खोक्यांतून किंवा सहायकांच्या पगारातून जाणार, आणि हिशेबात खोटं बिल येणार. शिवाय टक्केवारीवर काम करणारा माणूस मोठी रक्कम मागतो, योग्य रक्कम मागत नाही. मदत हवीच असेल तर अर्जामागे ठरावीक मानधन द्या, न्यासाच्या स्वतःच्या उत्पन्नातून, करारपत्र करून. करारात एवढं जरूर घाला: अर्जाचा मसुदा, देणगीदारांची यादी आणि सर्व पत्रव्यवहार संग्रहालयाच्या मालकीचा राहील, आणि सही नेहमी विश्वस्ताचीच असेल. मसुदा पाठवण्याआधी संग्रह सांभाळणाऱ्या माणसाला तो पूर्ण वाचायला द्या. तीन महिन्यांत होणार नाही असं काम तिथे लिहिलेलं असेल, तर ते फक्त त्यालाच कळतं.